डीपीजवळचा कोपरा: पाटी लावून झाली, देवांच्या टाईल्स लावून झाल्या, आता काय करू?

कोपऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. गावाचं नाव घेत नाही, उगाच वाद नको, तालुक्याचं ठिकाण आहे आणि नगरपरिषद आहे एवढं पुरे.

आमची बारा फ्लॅटची बिल्डिंग. गल्लीच्या तोंडाशी डीपी आहे आणि त्याला लागून दहा बाय दहाची मोकळी जागा. पूर्वी तिथे मोठा लोखंडी कंटेनर असायचा. दोन-अडीच वर्षांपूर्वी आमचं गाव "कंटेनरमुक्त" झालं, म्हणजे कंटेनर उचलला, फोटो काढले, पेपरात आलं. पण कंटेनर गेल्याचं कचऱ्याला कोणी सांगितलंच नाही, तो आपला रोज येतोच आहे.

सकाळी सात ते साडेनऊ नुसता पाऊस. ॲक्टिव्हावर पायाशी पिशवी ठेवून येतात, गाडी थांबवत पण नाहीत, जरा स्पीड कमी करतात आणि असा काही नेम धरून फेकतात की यांना बाउंड्रीवर उभं करावं. मग कुत्री, मग गायी, मग दिवसभर वारा. पावसाळ्यात सगळं वाहून समोरच्या गटारात, गटार तुंबलं की पाणी आमच्या पार्किंगमध्ये. मागच्या महिन्यात एक गाय तिथेच बसली ती उठेना, पोट टम्म, जनावरांचे डॉक्टर बोलवावे लागले. ते म्हणाले पिशव्याच असणार आत, नवीन नाही आम्हाला.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगतो.

पाटी लावली, "येथे कचरा टाकू नये, टाकल्यास ५०० रु. दंड". दुसऱ्या दिवशी त्याच पाटीच्या खिळ्याला कोणीतरी पिशवी अडकवून गेलेलं. निदान कुत्र्यांपासून वाचली.

मग सेक्रेटरींच्या आग्रहाने देवांच्या टाईल्स लावल्या. गणपती, साईबाबा, मक्का, येशू, कोणाला म्हणून सोडलं नाही. आठ दिवस चमत्कार! नवव्या दिवशी एका प्लास्टिकच्या पिशवीत निर्माल्य आलं. मग फुटलेल्या तसबिरी, रंग उडालेला मागच्या वर्षीचा गणपती, सत्यनारायणाचे केळीचे खांब. लोकांना वाटलं देवाचं ठिकाण आहे, इथे ठेवलं की चालतं. आता आमच्याकडे ओला कचरा, सुका कचरा आणि देव असे तीन वेगळे ढीग होतात, म्हणजे वर्गीकरण एकदाचं झालं म्हणायचं.

ॲपवर तक्रार केली, तीन दिवसांनी "तक्रारीचे निवारण झाले" असा मेसेज आणि सोबत स्वच्छ कोपऱ्याचा फोटो. कोपरा छान होता, फक्त आमचा नव्हता.

आता सीसीटीव्हीचं कोटेशन आणलंय, साडेअठरा हजार. सेक्रेटरी म्हणतात कॅमेरा लावू आणि टाकणाऱ्यांचे फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू, लाज वाटेल. मला जरा धाकधूक आहे. कोणी केलंय का असं? उपयोग होतो का?

---

पेठकर

पाटीतच चूक आहे. "टाकू नये" हे काय, विनंती करताय का? शिवाय ५०० रुपये आकारणार कोण, तुम्ही? असली पाटी वाचून आमच्याकडे लोक मुद्दाम टाकतील. "कचरा टाकणाऱ्याने सोबत नाव व पत्ता ठेवावा, परत आणून देण्यात येईल" असं लिहा. गंमत नाही करत, आमच्या वाड्यापाशी चाललं होतं हे वर्षभर.

---

संत्रानगरीवाला

भाऊ कशाला एवढा व्याप करता, आमच्या गल्लीत सकाळी झाडूवाला सगळं गोळा करून काडी लावून देते, अर्ध्या तासात साफ. थंडीत तर लोकं शेकत पण बसतात 😄

---

निवृत्त_एसआय

संत्रानगरीवाले, तुमचा प्रतिसाद वाचून चहा सांडला. त्यांनी वरच लिहिलंय की शेजारी डीपी आहे. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल असतं हो, त्याच्या बुडाशी काडी लावायची? अर्ध्या तासात गल्ली साफ होईल ती वेगळ्या अर्थाने.

आणि डीपी नसता तरी नाही. एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवाद) डिसेंबर २०१६ मध्येच आदेश दिलाय, उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये. दंड राहू द्या बाजूला, त्या ढिगात पाईपचे तुकडे, वायर, जुनी चप्पल असं काही पीव्हीसी असतं, ते कमी आचेवर धुमसलं की डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि तेच तुम्ही शेकताय. मोकळ्यावरचा कचरा कधी नीट पेट घेत नाही, धुमसतोच, कारण अर्ध्याहून जास्त माल ओला असतो.

मूळ प्रश्नावर रात्री सविस्तर लिहितो, मोबाईलवर टाईप करायला वेळ लागतो मला.

---

रात्रपाळी

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. तो ॲक्टिव्हावाला मी आहे. म्हणजे तुमच्या गावातला नाही, पण माझ्या गावात मी तेच करतो.

एमआयडीसीत आहे, आलटून पालटून शिफ्ट. बायको शाळेत, ती साडेसातला बाहेर पडते. घंटागाडी येते सव्वादहाला. रात्रपाळी असली की तेव्हा मी मेल्यासारखा झोपलेला, फर्स्ट असली की घरी कोणीच नाही. वन आरके आहे, बाल्कनी नाही. बादली जिन्यात ठेवली तर घरमालक ओरडतो, वास येतो म्हणे, आणि येतोच, त्याचं काय चुकलं. रविवारी मासे आणले तर ती पिशवी सोमवारी कुठे ठेवू? फ्रीजमध्ये? एकदा खरंच ठेवली होती, बायकोने जे काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिल्यांदा टाकताना हात जड झाला होता, खरं सांगतो. इकडेतिकडे बघितलं, गाडी थांबवली, नीट ठेवली. महिनाभराने गाडी थांबवायचं बंद झालं. आता नेम पण छान बसतो.

माझा फोटो ग्रुपवर टाकलात तर मी दुसरा कोपरा शोधेन एवढंच. पिशवी तर घरात राहणार नाही ना.

---

अदिती_क

@रात्रपाळी, प्रामाणिकपणाबद्दल +१ पण तरी राग आलाच. आम्ही पण दोघं नोकरी करतो आणि रोज नऊ पन्नासला मी लॅपटॉप उघडा टाकून बादली घेऊन पळत सुटते खाली.

---

रात्रपाळी

ताई तुमचं वर्क फ्रॉम होम आहे. लेथ मशीन घरी आणता येत नाही.

---

निवृत्त_एसआय

हं, आता बसलोय निवांत. एकतीस वर्षं आरोग्य खात्यात काढली, मुकादम मग एसआय म्हणजे सॅनिटरी इन्स्पेक्टर, तर दोन शब्द.

असल्या जागेला आमच्या भाषेत क्रॉनिक स्पॉट म्हणतात. शंभरातले नव्वद क्रॉनिक स्पॉट म्हणजे पूर्वीच्या कंटेनरच्या जागा. लोकांच्या पायाला सवय असते हो, आई टाकायची म्हणून मुलगा टाकतो. कंटेनर उचलायची ऑर्डर वरून येते, शहरांच्या स्वच्छता रँकिंगचे मार्क असतात त्याला, पण कंटेनर चोवीस तास उभा असायचा आणि घंटागाडी गल्लीत दोन मिनिटं उभी राहते, हा हिशेब कोणी करत नाही. तिसऱ्या मजल्यावरून आजी बादली घेऊन खाली येईपर्यंत गाडीचं गाणं पुढच्या गल्लीत पोचलेलं असतं. आजी काय करणार, बादली परत वर नेणार?

दुसरी गोष्ट, हे बाहेर फारसं बोललं जात नाही. बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराला बिल वजनावर मिळतं, टनामागे अमुक. मग ओला-सुका वेगळा घेण्यात त्याला काय रस? मिक्स घेतला की फेऱ्या कमी, आणि पावसात भिजलेला कचरा तर सोन्याहून पिवळा, पाण्याचंही वजन मिळतं. काट्यावर गाडी यायच्या आधी तळाशी राडारोडा भरलेल्या गाड्या मी स्वतः परत पाठवल्यात आणि त्यासाठी बोलणीही खाल्लीत. तुम्ही घरी तीन डबे करून द्या, गाडीत एकच कप्पा असेल तर बघणारा माणूस दुसऱ्या दिवशी तीन डबे करत नाही. त्यात त्याचा दोष नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांत सगळं होतं, ओला, सुका, घरगुती घातक असं वेगळं द्यायचं, रोज १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी ओला आपल्याच आवारात जिरवायचा, गटारात-रस्त्यावर टाकायचं नाही, जाळायचं नाही. कागद उत्तम आहे. गाडी किती वाजता येते हे मात्र कागद ठरवत नाही, ते ड्रायव्हर आणि मुकादम ठरवतात.

म्हणून माझा सल्ला, साडेअठरा हजार खिशात ठेवा. आधी आठ दिवस वही घेऊन बसा. किती वाजता, कोण, किती पिशव्या, पिशवीत काय. नावं नकोत, नुसतं बाई/पुरुष, चालत/गाडीवर, कुठल्या बाजूने आले. आम्ही नवीन मुकादमाला हेच पहिलं काम द्यायचो. ती वही घेऊन भेटायला जा, ॲपवर नाही, सकाळी सहाला हजेरी शेडवर जा. साहेब तिथे नसतात, मुकादम असतो, त्याच्याशी बोला.

आणि ते फोटो ग्रुपवर टाकायचं डोक्यातून काढा. माझ्या डोळ्यांदेखत एका गल्लीत त्यावरून मारामारी झालीय. फोटोत पिशवी टाकणारी नऊ वर्षांची पोरगी होती, आईने पाठवलेली.

डीपीपाशी बाक, कुंड्या, शोभेची झाडं असलं काही लावू नका, वायरमनला जागा लागते. त्याच्या अलीकडे कोणी इस्त्रीवाला, चांभार बसत असेल तर बसू द्या. माणूस बसलेल्या जागी कचरा पडत नाही, देव बसलेल्या जागी पडतो, ते तुम्ही पाहिलंच.

---

सुनंदा_का

एसआय काकांशी सहमत, पण वजनाची बाजू आली तशी हाताची बाजू पण येऊ दे.

मी पुण्यात कचरावेचकांबरोबर काम करते. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, मग २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा घेते. बाई दारात येते. गाडी चुकली हा प्रश्न तिथे कमी येतो, कारण तिला माहीत असतं की चौथ्या मजल्यावरचे आजोबा दुपारी घरी असतात आणि चारशे तीनवाले नसतात. यंत्राला हे कळत नाही. सगळं आलबेल आहे असं म्हणत नाही, महिन्याला ठरलेले पैसे द्यायला पण लोक कां कू करतात, पिझ्झावाल्याला मात्र टीप.

तर हात. कोपऱ्यावरची ती पिशवी शेवटी कोणीतरी उघडतंच. गाठ मारलेली काळी पिशवी असली की बायकांच्या पोटात गोळा येतो. आत काय निघतं? फुटलेली ट्यूबलाईट, दाढीचं पातं, इन्सुलिनच्या सुया आणि रोजचं म्हणजे डायपर आणि पॅड, नुसते, उघडे, भाजीच्या देठांत कालवलेले. एक बाई मला म्हणाली, मी डबा खाताना उजवा हात वापरत नाही, चमच्याने खाते. तिला चाळीस वर्षं झाली या कामात.

म्हणून पुण्यात लाल ठिपक्याची मोहीम निघाली. पॅड किंवा डायपर रद्दी पेपरात गुंडाळायचं, वर लाल पेनाने ठसठशीत ठिपका काढायचा आणि वेगळं द्यायचं. बस. घेणारीला उघडून बघावं लागत नाही. काच फुटली तर तीही पेपरात आणि वर "काच" लिहायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ठिपका कळतो म्हणून ठिपका. मी किती वर्षं सांगतेय, तरी आमच्याच सोसायटीत बारापैकी चार घरं करतात. बाकीच्यांना लाल ठिपका म्हणजे लाज वाटते म्हणे, शेजारी बघतात. उघडं टाकताना नाही वाटत.

अजून एक बारीकसं. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. दुधाची पिशवी भंगारात जाते, विकली जाते, पण तो नखाएवढा तुकडा कोणी वेचू शकत नाही, तो सरळ गटारात. पिशवी विसळून वाळत घातली तर देव भलं करो. आणि वेफर्सची चकचकीत पाकिटं, शाम्पूच्या पुड्या कोणी घेत नाही, त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटलेले असतात, सुटत नाहीत. ते तुम्ही कितीही वेगळं करा, भंगारवाला हात लावणार नाही.

---

पेठकर

दुधाच्या पिशवीचं माहीत नव्हतं. पन्नास वर्षं तोडतोय. आजपासून लटकता.

२०१८ ची प्लास्टिकबंदी आठवते का कोणाला? २३ जूनपासून कारवाई, पहिल्यांदा पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस आणि तुरुंग. आठवडाभर सगळा लक्ष्मी रोड कापडी पिशव्या घेऊन. दुधाच्या पिशव्या ५० पैसे देऊन परत घेणार होते, माझे पन्नास पैसे कुठे आहेत?

---

वेंगुर्लेकर

आमच्याकडे ये एकदा. वेंगुर्ल्याची कचऱ्याची जागा बघायला लोक एसटीने येतत, खोटा नाय सांगत. २०१५ च्या सुमारास रामदास कोकरे मुख्याधिकारी होते, तेव्हा डंपिंगचं बाग झालं. ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्यात, कागदापासून जळणाच्या कांड्या. पहिले काही महिने लोकांनी खूप कुरकुर केली, वेगळा केला नाय तर गाडी घ्यायचीच नाय ना! माझी आई दोन दिवस बादली घेऊन परत आली, तिसऱ्या दिवशी गपचूप वेगळा केलान.

छोटं गाव म्हणून जमलं असं म्हणतात. तुमचंही छोटंच आहे ना?

---

संत्रानगरीवाला

जाळण्याचं वापस घेतो बाप्पा. माहीत नव्हतं. काल झाडूवाल्या काकाला जाऊन विचारलं का जाळता म्हणून, तर म्हणे साहेब हातगाडीचं चाक मोडून तीन महिने झाले, ढीग नेऊ कशात? आम्ही गल्लीतल्यांनी वर्गणी काढून चाक बसवून देतो आहे.

---

कोपऱ्यावरचा

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. एसआय काकांचं ऐकलं. वही केली. सेक्रेटरी हसले, पण तिसऱ्या दिवशी तेच खुर्ची घेऊन आले, सकाळी त्यांना तसंही काही काम नसतं.

आठ दिवसांत २१४ पिशव्या. सकाळी साडेसहा ते साडेनऊ यातच दीडशेच्या आसपास. आमची घंटागाडी अकराला येते! म्हणजे नोकरीवाला कोणी घरात नसताना. ॲक्टिव्हावाले मला वाटले तेवढे नव्हते, रोजचे पंधरा-सोळा, त्यातले बरेच मागच्या बाजूच्या नर्सेसच्या खोल्यांमधले आणि एक मेस. रात्री साडेअकरानंतर चायनीजच्या गाडीवाला, त्याचं एकच पोतं पण ते दहा जणांइतकं.

आता खरी गंमत. दोन दिवस हातमोजे घालून आम्ही काही पिशव्या उघडल्या. सुनंदाताई, तुम्ही लिहिलंय ते सगळं निघालं, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. कुरियरच्या पाकिटांवर पत्ते असतात. अकरा पिशव्यांपैकी चार आमच्याच बिल्डिंगच्या. एकीत आमच्या घरचं लाईटबिल. मला वाटलं कोणीतरी खोडी केली. घरी विचारलं तर सौ. म्हणाली, अहो मावशी नेतात ना जाताना. मावशी साडेआठला काम आवरून जातात, जाताना आम्ही हातात पिशवी देतो, "मावशी एवढं टाका हं". कुठे टाका ते आम्ही अडीच वर्षांत एकदाही विचारलं नाही. मावशी काय, जिथे सगळे टाकतात तिथे टाकतात. आणि मी सकाळी बाल्कनीतून त्याच कोपऱ्याकडे बघून शिव्या घालतो.

सेक्रेटरींची पिशवी पण निघाली. ती वहीत नोंदवायची का यावर थोडी चर्चा झाली. नोंदवली.

---

अदिती_क

😂😂 लाईटबिल!! माफ करा पण हसू आवरत नाहीये. माझ्याही घरी मावशी नेतात, आत्ता उठून विचारायला हवं.

---

मातीवाली

@रात्रपाळी, तुमच्यासाठी लिहितेय, वन आरकेत पण होतं. खरकटं घरातच जिरलं की बाकीचा सुका कचरा आठ दिवस पडून राहिला तरी वास येत नाही. भोकं असलेली झाकणाची बादली किंवा भाजीचा क्रेट, खाली एक ताटली. तळाशी वाळकी पानं नाहीतर नारळाच्या शेंड्या. रोजचं देठ-सालं-चहाची पावडर टाकायची आणि वर तेवढीच, हो तेवढीच, वाळकी पानं किंवा कोकोपीट. सुरुवातीला मूठभर तयार खत किंवा आंबट ताक शिंपडलं की लवकर लागतं. चार माणसांच्या घरात अर्धा-पाऊण किलोच निघतं दिवसाला, तुमचं दोघांचं त्याहून कमी.

वास आला म्हणजे ओल जास्त झाली, पानं वाढवा. मुंग्या आल्या म्हणजे कोरडं पडलं, पाणी शिंपडा. मुठीत दाबलं तर लाडू वळला पाहिजे पण बोटांतून पाणी गळता कामा नये. पांढरी बुरशी आली तर घाबरू नका, चांगली असते. जाड्या करड्या अळ्या झाल्या तरी राहू द्या, त्या माशीच्या अळ्या आपल्यापेक्षा जलद काम करतात, फक्त झाकण लावा नाहीतर फिरायला निघतात. दीड-दोन महिन्यांत माती. आंब्याच्या कोयी आणि करवंट्या टाकू नका. मासे सुरुवातीला नकोच, हात बसल्यावर मधोमध पुरून वर भरपूर पानं.

आणि हो, नागपंचमीला आमच्या सासूबाईंनी क्रेट बघून "यात साप येईल" म्हणून पंधरा दिवस भांडण केलं. आला नाही.

---

रात्रपाळी

करून बघतो. पानं कुठून आणू?

---

मातीवाली

झाडूवाल्यांना सांगा, पोतंभर आणून देतील, तेवढंच त्यांचं ओझं कमी. जाळत नसतील तर 🙂

---

निवृत्त_एसआय

@कोपऱ्यावरचा, शाब्बास. सेक्रेटरींची नोंद केलीत हे वाचून बरं वाटलं.

एक सांगतो, ही पिशवी गल्लीतून गेली म्हणजे संपली असं नाही. आपल्या राज्यात हे दोनदा चांगलं दिसलंय. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारचं डंपिंग पेटलं, धूर दिवसचे दिवस. ते डंपिंग १९२७ पासूनचं. आणि एप्रिल २०१७ मध्ये उरुळी-फुरसुंगीच्या डेपोला आग लागली, मग गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, पुण्याचा कचरा तीन आठवडे पुण्यातच. त्या गावांच्या विहिरींचं पाणी कित्येक वर्षांपासून खराब. ओला कचरा ढिगाखाली दबला की हवा मिळत नाही, मिथेन होतो, तोच पेटतो, आणि वरून पाणी मारलं तरी आत धुमसत राहतो. मिथेन होतो तो तुमच्या-माझ्या घरच्या भाजीच्या देठांचा, कारखान्यांचा नव्हे. ती देठं मातीवालींच्या क्रेटमध्ये गेली असती तर ना वास, ना आग, ना ट्रकचं डिझेल.

शेडवर गेलात का?

---

कोपऱ्यावरचा

गेलो. सहा वाजता, थंडीत, मफलर बांधून. मुकादम पहिल्यांदा अंगावरच आले, तक्रारवाले आले म्हणून. वही दाखवली तर खाली बसून पानं उलटायला लागले. म्हणाले साहेब आमच्याकडे एकूण सहा गाड्या, दोन दुरुस्तीला, चार गाड्यांत पूर्ण गाव. अकराच्या आत तुमच्याकडे येणं शक्य नाही. मी म्हटलं मग संध्याकाळी? खूप वेळ गप्प बसले. मग म्हणाले मंडईची गाडी संध्याकाळी रिकामी होते, तुमच्यावरूनच डेपोला जाते, ड्रायव्हरला विचारतो.

तर गेले तीन आठवडे मंगळवार, गुरुवार, शनिवार पावणेआठला गाडी येतेय, कधी सव्वाआठ. लेखी काही नाही, ड्रायव्हर बदलला तर काय ते माहीत नाही. नर्सेसच्या खोल्यांवर जाऊन सांगून आलो, त्यांना कोणी वेळ सांगितलीच नव्हती आणि त्या म्हणाल्या काका आम्हाला पण घाण आवडत नाही हो. मेसवाल्याशी अजून तू तू मैं मैं चालू आहे. चायनीजवाला दोन दिवस पोतं घेऊन गेला, तिसऱ्या दिवशी परत.

बिल्डिंगमध्ये खाली तीन ड्रम ठेवलेत, मावशी तिथे टाकतात, वॉचमन गाडीत देतो, त्याला महिन्याला वरचे सहाशे. लाल ठिपका पाच घरं करतायत. वही अजून चालू आहे, काल कोपऱ्यावर सात पिशव्या होत्या.

राहता राहिलं निर्माल्य. ते काही थांबत नाही, उलट वाढलंय, कारण जागा आता स्वच्छ दिसते. टाईल्स काढल्या तर थांबेल असं मला वाटतं, पण सेक्रेटरी म्हणतात लावल्या मी, काढणार मी नाही. गवंड्याला विचारलं तर तो म्हणाला बाकी काही पण सांगा साहेब, देवावर छिन्नी नाही चालवणार.

---

मातीवाली

फुलं द्या इकडे, क्रेटमध्ये मस्त होतात. फक्त दोरे आणि चकचकीत कागद काढून.

---

पेठकर

फुलांचं झालं. देव कोणी काढायचे यावर वेगळा धागा काढा, हा पुरायचा नाही.